आयटीआयच्या भिंतींना रंग लागला, पण वर्कशॉपचे दार कुणासाठी?

आमच्या तालुक्याच्या सरकारी आयटीआयचे नूतनीकरण चालू आहे. गावाबाहेर माळावर, डांबरी रस्ता संपतो तिथे ही संस्था आहे. पत्र्याच्या शेडमधले वर्कशॉप, जुनी बैठी इमारत आणि मागे बाभळीचे रान. आता फाटकावर कमान उभी राहिली आहे, आवारात पेव्हर ब्लॉक बसले आहेत आणि भिंतींना पिवळा रंग लागला आहे. 'स्मार्ट क्लासरूम'ची पाटी लागली आहे, वर्ग मात्र अजून उघडलेला नाही. नवे सीएनसी मशीन येणार म्हणून वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात सिमेंटचा ओटा बांधून ठेवला आहे. परिसरातल्या कारखान्यांना कुशल मनुष्यबळ मिळावे, यासाठी हे सगळे चालले आहे, असे आम्हाला सांगण्यात आले.

आम्ही चार-पाच कार्यकर्ते दरवर्षी प्रवेशाच्या काळात आमच्या वस्त्यांमधल्या मुलामुलींचे फॉर्म भरायला तिथे जातो. यंदा गेलो तेव्हा मागच्या बाजूच्या वसतिगृहाकडे पाहिले. कुलूप तसेच, खिडक्यांची तावदाने तशीच फुटलेली आणि छतावर पिंपळ उगवलेला. अंदाजपत्रकात वसतिगृह आहे का, असे विचारले, तर नाही. का नाही? तिथे मुले राहत नाहीत म्हणून. मुले का राहत नाहीत? छत गळते म्हणून. मग छत का दुरुस्त करत नाही? तर मुले राहत नाहीत म्हणून! या उत्तराला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या वाडीतला मुलगा सकाळची एसटी चुकली की त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला मुकतो, हजेरी कमी पडते आणि दुसऱ्या वर्षी तो वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला दिसतो. तो कुणाच्या घरचा असतो, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून या नूतनीकरणाबद्दल इतिहासाच्या बाजूने थोडे बोलले पाहिजे असे आम्हाला वाटले. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला सामाजिक गतिशीलतेवर दोन पेपर होते. त्यात आयटीआय हा शब्द एकदाही आला नाही. आमच्या वस्तीतल्या किती घरांवर पत्र्याऐवजी स्लॅब पडला तो कुणाच्या तरी फिटर-वेल्डरच्या पगारावर, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पण ते पुस्तकात नव्हते.

गावगाड्यात हत्यार जातीला बांधलेले होते. सुताराकडे वाकस, लोहाराकडे भाता आणि ऐरण, चांभाराकडे रापी. महाराच्या हातात काय होते? काठी. निरोप पोहोचवायचा, वेस राखायची, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी कामाला धावायचे. वतन म्हणून जे मिळाले ते त्याला गावाशी बांधून ठेवण्यासाठी होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले ते याच दोरीवर घाव घालण्यासाठी. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्यांच्याकडे हत्यार होते त्या बलुतेदारांचीही गोष्ट फार वेगळी नाही. त्यांचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिले, पण इंजिनिअरिंग कॉलेज निघाले तेव्हा तिथल्या बाकावर लोहार-सुताराची पोरे क्वचितच बसली. ज्यांनी कधी हातोडी धरली नव्हती ते अभियंता झाले आणि ज्यांनी ती धरली होती ते मिस्त्रीच राहिले. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, ही १९३६ मध्ये बाबासाहेबांनी केलेली मांडणी आपण भाषणात नेहमी सांगतो. पण ती वर्कशॉपमध्ये उभे राहून वाचली तर जास्त लागते.

गाव सोडून शहरात आले की जात सुटेल असे वाटत होते. तसे घडले नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण विणाईच्या खात्यात, जिथे मजुरी चांगली, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. इंग्लंडहून आलेले यंत्र, वाफेवर आणि विजेवर चालणारे, पण त्याला विटाळ मात्र इथलाच! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगार सारे एक, ही घोषणा विणाई खात्याच्या दारात कशी अडखळते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. त्या परिषदेतले ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंबद्दलचे वाक्य सगळ्यांना पाठ असते. त्याच भाषणातला पुढचा तपशील मात्र फार कमी लोक सांगतात, आणि आमच्या विषयासाठी तोच मोलाचा आहे. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, असे बाबासाहेबांनी तिथे मांडले. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही तो हमालच राहतो. मेकॅनिक, चार्जमन, फोरमन होत नाही. म्हणजे बाबासाहेब नुसती नोकरी मागत नव्हते. वर्कशॉपच्या आत वर चढण्याची शिडी मागत होते. त्याआधी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातही तांत्रिक शिक्षणाच्या व्यापक कार्यक्रमाची मागणी होती.

मग १९४२ साल येते. जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ते १९४६ पर्यंत त्या पदावर होते. खुर्चीवर बसून तीन-चार महिने होतात न होतात तोच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल जे आहे ते आज प्रत्येक आयटीआयच्या नोटीस बोर्डावर लावावे असे आहे. कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या समाजाला फारसे उपयोगी पडणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, असा त्यांचा मुद्दा होता. ते स्वतः बॅरिस्टर होते, हे लक्षात घेऊन हा मुद्दा वाचावा. त्यांनी देशातल्या विज्ञान-तंत्र शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले. अलिगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार मोठे अनुदान देते, मग आमच्यासाठी का नाही, हेही विचारले. आणि त्याच निवेदनात एक साधी वाटणारी मागणी आहे: सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या.

परदेशी विद्यापीठ आणि छापखान्यातला शिकाऊ, या दोन्ही मागण्या एकाच कागदावर आहेत. आमच्या लेखाचा सगळा रोख इथे आहे. गरिबाच्या पोराने आधी हाताचे काम शिकावे, मोठ्या शिक्षणाचे नंतर बघू, असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्याच्या उलट, आयटीआय म्हणजे दुय्यम, आपल्या पोरांनी कलेक्टरच व्हावे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांनी या दोन्हींतली एकच बाजू उचलली नाही.

हाच वाद अमेरिकेतल्या काळ्या माणसांमध्ये झाला होता, आणि त्याची सुरुवातही एका मोडक्या आवाराच्या दुरुस्तीपासून झाली होती. अलाबामातल्या टस्कीगी या खेडवळ गावात १८८१ साली काळ्या मुलांसाठी शाळा मंजूर झाली. राज्याने वर्षाला २,००० डॉलर दिले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही. (सरकार कुठलेही असो, ही युक्ती सगळीकडे सारखी दिसते.) बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले तरुण शिक्षक तिथे आले. पहिले वर्ग एका गळक्या खोपटात भरले. पाऊस आला की एखादा विद्यार्थी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरी. पुढे शंभर एकरांचा एक ओसाड पडलेला मळा त्यांनी उसनवारी करून घेतला. मालकाचे घर जळून गेले होते. उरला होता तो जुना तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे. विद्यार्थ्यांनी ते झाडून, डागडुजी करून वर्गखोल्या केल्या. इमारतीसाठी विटा हव्यात म्हणून भट्टी लावली, ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकून चौथी लावली आणि ती जमली. घड्याळ काही परत सोडवता आले नाही. पुढे तीच मुले एका हंगामात बारा लाख विटा पाडू लागली, आणि या विटा गोरे लोकही विकत घेऊ लागले. एमआयटीतून पदवी घेतलेले पहिले काळे वास्तुशिल्पी रॉबर्ट टेलर यांनी तिथल्या इमारती उभ्या केल्या. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शेतीचे संशोधन करायला आले.

हे वाचताना आमच्या अंगावर काटा येतो. पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. १८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात याच वॉशिंग्टन यांनी राजकीय आणि सामाजिक समतेचा आग्रह मागे ठेवला आणि कष्ट, धंदा, हुनर यांवर भर दिला. गोऱ्या भांडवलदारांना हे भाषण फार आवडले, देणग्यांचा ओघ सुरू झाला. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांनी याला उघड विरोध केला. मताधिकार, नागरी समता आणि बुद्धिमान तरुणांना उच्च शिक्षण या तीन गोष्टी सोडून दिल्या तर हुनर शिकलेला माणूससुद्धा हतबलच राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. दक्षिणेत त्याच काळात काळ्यांचा मताधिकार एकेका राज्यात काढून घेतला जात होता, हे पाहिले की द्यू बॉईस यांचे म्हणणे पटते. आणखी एक गोष्ट: कारखाने जी कामे यंत्रावर करू लागले होते, त्यांतलीच कित्येक हातकामे या शाळांमध्ये शिकवली जात होती. कालबाह्य होत चाललेला हुनर गरिबाच्या गळ्यात बांधणे, हा प्रकार आम्हाला फार ओळखीचा वाटतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच द्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांनी उत्तरही दिले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

आपल्या देशात हा खेळ उघडपणे खेळला गेला तो १९५३ मध्ये, मद्रास राज्यात. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना आणली: शाळा निम्मा वेळ, उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरायचा आणि चांभाराच्या पोराने रापी. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला कुलकल्वी, म्हणजे जातीचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले, कामराज आले आणि योजना मागे घेतली गेली. २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली तेव्हा तमिळनाडूला ही आठवण झाली. त्या योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, धोबी, चांभार हे सगळे आहेत. तमिळनाडू सरकारने ती आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. आपल्याकडे मात्र तिचे स्वागताचे फ्लेक्स लागले आणि काही फ्लेक्सवर आपल्याच कार्यकर्त्यांचे फोटो होते. असो.

याच्या तुलनेत आयटीआय ही फार वेगळी चीज आहे, आणि म्हणूनच आम्ही तिच्यासाठी भांडतो. तिचे मूळ बाबासाहेबांच्या खात्याच्या काळात सापडते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना तंत्रज्ञ हवे होते, म्हणून १९४० पासून मजूर खात्यामार्फत तांत्रिक प्रशिक्षण केंद्रे सुरू झाली होती. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या तरुणांची 'बेव्हिन बॉइज' योजनाही त्याच खात्याकडे होती. १९४५ मध्ये, सैन्यातून सुटणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी आणि रोजगारासाठी महासंचालनालय स्थापन झाले तेव्हाही बाबासाहेबच खात्याचे सदस्य होते. याच यंत्रणेतून १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली, जिला आपण आज आयटीआय म्हणून ओळखतो. १९५६ मध्ये तिचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. इथे फिटर होण्यासाठी बाप फिटर असावा लागत नाही. महाराचे पोर टर्नर होते, मांगाची पोर इलेक्ट्रिशियन होते, आणि लेथवर शेजारी पाटलाचे पोर उभे असते. जातीचा धंदा मोडण्याची एवढी साधी जागा आपल्या गावात दुसरी कोणती आहे?

आणि या जागेची आपण काय अवस्था केली? महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. त्यांतल्या पात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत होते महिन्याला ४० रुपये. ही रक्कम साधारण चार दशके तशीच राहिली. ४० रुपयांत आज एका दिवसाचे एसटीचे जाणे-येणेही होत नाही. २०२३ मध्ये ती ५०० करण्याचा निर्णय झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी वाढ किती पट झाली ते छापले. चाळीस वर्षे ती का थांबली होती, ते कुणी विचारले नाही.

नूतनीकरणाच्या लाटाही याआधी येऊन गेल्या आहेत. २००७ मध्ये सार्वजनिक-खासगी भागीदारीतून १,३९६ सरकारी आयटीआयचा दर्जा वाढवण्याची योजना आली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज मिळायचे आणि त्यासाठी नेमलेल्या संस्था व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष उद्योजक असायचा. आता २०२५ मध्ये केंद्राने ६०,००० कोटींची नवी योजना मंजूर केली आहे: १,००० सरकारी आयटीआय, मोठ्या संस्था केंद्रस्थानी आणि लहान संस्था त्यांना जोडलेल्या. ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. सहापैकी पाच वाटे जनतेच्या पैशाचे आणि पुढाकार मात्र उद्योगाचा! कारखानदार प्रशिक्षणात यावेत याला आमचा विरोध नाही. जुनाट लेथवर शिकलेल्या मुलाला कारखान्यात कुणी उभे करत नाही, हे आम्हाला कळते. मशीन आलेच पाहिजे. पण कोणते ट्रेड ठेवायचे, कोणते बंद करायचे, मुलींनी शिवणकामच करायचे की वेल्डिंगही करायचे, रिकाम्या शिल्प निदेशकांच्या जागा कायम भरायच्या की तासिकेवर, हे ठरते त्या टेबलाभोवती आपला कोण बसलेला असतो? मजूर संघटनेचा प्रतिनिधी तरी असतो का? माजी विद्यार्थी असतो का?

आणि कारखानदार जर भागीदार असेल तर त्याला कायदाही लागू आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आले. त्यानुसार शिकाऊ उमेदवारांच्या जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण आहे, आणि हे खासगी आस्थापनांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण खासगी कारखान्याच्या फाटकाच्या आत जाणारे हे एक आरक्षण पन्नास वर्षांपासून कायद्यात पडून आहे आणि ते मागायला कुणी जात नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे आज बंधनकारक आहे. मात्र २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मोडल्याबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली, आता फक्त दंड. १९४२ च्या निवेदनातली शिकाऊ उमेदवारीची मागणी या कलमात येऊन पोहोचली आहे. छापखाना आणि रेल्वेच्या जागी एमआयडीसी आली, एवढेच.

वसतिगृहाचेही तसेच. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या हे आपण दर २६ जुलैला सांगतो. पण नुसत्या जागा राखून भागत नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून कोल्हापूर वसतिगृहांचे गाव झाले. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शिकणाऱ्या पोराला आधी निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत, प्रवेश मिळतो, नाव लागते. पण पहिल्या पावसाळ्यानंतर हजेरीपटावर लाल रेघा कुणाच्या नावांवर पडतात ते कधी जाऊन बघा.

आम्ही प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. नूतनीकरणाच्या पुढच्या टप्प्यात वसतिगृहाचे छत घ्यावे. व्यवस्थापन समितीत माजी विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घ्यावा. आणि गेल्या तीन वर्षांत किती मुले शिकाऊ उमेदवार म्हणून लागली, कलम ३-अ प्रमाणे त्यांत अनुसूचित जाती-जमातींची किती, याची यादी फलकावर लावावी. अर्जाची पोच आमच्याकडे आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तेच प्रश्न जिल्हा कार्यालयाला विचारणार आहोत. सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पुन्हा फाटकापाशी जमतो आहोत. ज्यांची मुले तिथे शिकतात किंवा शिकता शिकता घरी बसली आहेत, त्यांनी मुलांसह यावे आणि येताना हजेरीची किंवा एसटी पासची झेरॉक्स आणावी.